तो म्हणतो, ‘चालेल’

बॉस्टनच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. मुलगा दहा वर्षांचा, चौथीत, जन्म नोव्हेंबर २०१५ चा. धाकटी मुलगी सात वर्षांची. मुलगा पहिलीपासून टाऊनकडून, म्हणजे गावच्या टीममधून, सॉकर (आपला फुटबॉल) खेळतो, आधी गावातल्या गावात हौसेने खेळायचं रेक आणि आता दुसऱ्या गावांशी सामने खेळणारी ट्रॅव्हल टीम. टाऊनचे कोच म्हणजे टीममधल्याच एका मुलाचे बाबा. माणूस भला, पण खेळातलं फारसं कळत नाही, असं या घराचं मत. गेल्या वर्षी एका खाजगी क्लबच्या ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, मुलाची निवड झाली नव्हती. या मे महिन्यात त्याच क्लबने त्याला आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या टीममध्ये जागा देऊ केली आणि उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तास दिले. फी वर्षाला २,६०० डॉलर, कपडे आणि स्पर्धांचा खर्च वेगळा. आठवड्यात तीन प्रॅक्टिस, मैदान घरापासून पस्तीस मिनिटांवर, सामने रविवारी, म्हणजे मराठी शाळा बुडणार. टीममधले तीन मित्र क्लबला चालले आहेत. वडील कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर सामने बघत वाढलेले. त्यांचं म्हणणं, खेळायचं तर नीट खेळू दे. आईला भीती वाटते की आत्ता नाही म्हटलं तर हे दार पुन्हा उघडणार नाही आणि पुढे हायस्कूलच्या टीममध्येही त्याचा नंबर लागणार नाही. त्या विचारतात, ‘पैसे आणि वेळ बघता बघता आपण मुलाची संधी तर घालवत नाही ना?’

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या की आधी मुदत वाढवून मागा. तुम्ही मागितलीत आणि दहा दिवस मिळाले. हे इथे सांगते, कारण दर वर्षी मे महिन्यात कितीतरी घरांत हीच घालमेल असते. अठ्ठेचाळीस तास हा कुठला कायदा नाही, ती क्लबची सोय आहे. त्यांना रोस्टर, म्हणजे टीमच्या याद्या, भरायच्या असतात. मुलगा खरंच हवा असेल तर आठवडाभर थांबायला कोच सहसा नाही म्हणत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानांचं आहे. त्यात फी आहे, जाण्यायेण्याची मिनिटं आहेत, मिस्टरांचं म्हणणं आहे, तीन मित्रांच्या आया व्हॉट्सअॅपवर काय म्हणाल्या तेही आहे. ज्याला खेळायचंय त्याला काय वाटतं यावर मात्र एकच वाक्य आहे: ‘त्याला विचारलं तर म्हणाला, चालेल.’

या ‘चालेल’पाशी मी अडले. आपल्याकडे हा शब्द फार सोयीचा आहे. चहा घेणार का, चालेल. आज मुगाची खिचडी टाकू का, चालेल. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि बोलणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात आईबाबांची चर्चा ऐकलेला दहा वर्षांचा मुलगा जेव्हा ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा त्याला तुम्हाला कुठलं उत्तर हवंय ते पुरतं कळलेलं असतं. त्याचं स्वतःचं उत्तर त्यात असेलच असं नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चूक करून शिकले म्हणून सांगतेय. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला एका क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये जागा मिळाली. आम्ही हरखलो. तीही ‘चालेल’ म्हणाली. मग सप्टेंबरपासून आठवड्यात तीन संध्याकाळी रूट नाइनच्या ट्रॅफिकमधून चाळीस मिनिटं. मागच्या सीटवर ती थर्मासमधला वरणभात चमच्याने खायची, शिन गार्ड चढवायची आणि मी आरशातून बघत म्हणायची, नीट चावून खा. घरी परत यायला साडेआठ. टर्फवरचे काळे रबराचे दाणे मोज्यांतून, बुटांतून घरभर पसरायचे, वॉशिंग मशीनच्या रबरात अडकून बसायचे. नोव्हेंबरात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की शाळेतून आल्यावर ती रोज एकच प्रश्न विचारते, ‘आई, आज पाऊस आहे का?’ मला वाटायचं, जॅकेट घ्यायचं की नाही म्हणून विचारत असेल. चार महिने मला वाटत राहिलं. प्रॅक्टिस रद्द व्हावी म्हणून ती पावसाची वाट बघत होती.

सामन्यात ती दहा-बारा मिनिटं खेळायची, बाकी वेळ बाहेर. कोच वाईट नव्हते. टीममध्ये मुली जास्त होत्या आणि ती कुणाला ओळखत नव्हती. जूनमध्ये तिने क्लब सोडला, पुन्हा टाऊनकडून खेळली आणि चौदाव्या वर्षी टाऊनच्याच लहान मुलांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभी राहायला लागली. त्या शिट्टीचा तिला केवढा अभिमान होता!

पण तिच्या धाकट्या भावाची गोष्ट अगदी उलटी. तो बाराव्या वर्षी स्वतःहून म्हणाला, मला क्लबला जायचंय. आमच्या गॅरेजच्या दाराला आजही चेंडूचे पोचे आहेत. त्याला आम्ही पाठवलं आणि तो तिथे फुलला. घर तेच, आईबाप तेच. तेव्हा क्लब वाईट आणि टाऊन चांगलं, असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे की हा खेळ कुणाचा आहे ते आधी बघूया, बाकीचे हिशेब नंतर.

आता तुमच्या भीतीकडे येते. ‘गेल्या वर्षी घेतलं नाही, यंदा घेतलंय, आता सोडलं तर परत घेणार नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय. गेल्या वर्षी का घेतलं नसेल, याचा कॅलेंडर समोर ठेवून विचार करा. २०१७ पासून अमेरिकेत मुलांच्या सॉकरचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे जन्मवर्षाने ठरायचे. तुमचा मुलगा नोव्हेंबर २०१५ चा. म्हणजे त्या ट्रायआउटमध्ये त्याच्या शेजारी जानेवारी-फेब्रुवारी २०१५ ची मुलं होती, त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी आणि बहुतेक एक इयत्ता पुढची. नवव्या वर्षी दहा महिने म्हणजे दोन इंच उंची आणि एक ढांग जास्त. कोचच्या नजरेत ते ‘चपळाई’ म्हणून भरतं. निवडीच्या वर्षात आधी जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे जगभर, कितीतरी खेळांत दिसून आलेलं आहे.

२०२६-२७ च्या हंगामापासून यूएस यूथ सॉकर आणि यूएस क्लब सॉकर या संस्था १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरणार आहेत, म्हणजे जवळपास शाळेच्या वर्षाप्रमाणे. त्यामुळे तुमचा मुलगा एका झटक्यात गटातल्या धाकट्यांतून मोठ्यांत आला. गेल्या वर्षी न घेणारा क्लब यंदा घेतो, यात मुलाची मेहनत असेलच, पण तारखेचाही वाटा आहे. त्या नकाराचा शिक्का तुम्ही त्याच्यावर मारू नका, आणि या होकाराला शेवटची गाडी समजू नका. यंदा सगळ्याच क्लबांच्या टीमा मोडून नव्याने बांधल्या जात आहेत. ही घडी बसायला एक वर्ष तरी जाईल.

आणि दार बंद होण्याचं म्हणाल तर ते दर मे महिन्यात उघडतं. त्यातही दोन वर्षांनी जास्तच. आता तुमचा मुलगा सात-सातच्या (एका बाजूला सातजण) खेळातून नऊ-नऊच्या खेळात जाईल. तेराखालील गटात अकरा-अकराचा खेळ सुरू होतो. तेव्हा प्रत्येक टीमला मुलं जास्त लागतात. दहाव्या वर्षी पुढे असलेली काही मुलं तोवर कंटाळून लॅक्रॉससारख्या दुसऱ्या खेळाकडे गेलेली असतात, काही उंचीत मागे पडलेली असतात, काही अचानक वाढलेली असतात. सगळी पानं पुन्हा पिसली जातात.

हायस्कूलचं मात्र मी तुम्हाला गोड बोलून सांगणार नाही. आपल्यासारख्या मोठ्या शाळांच्या उपनगरांत व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य, टीममध्ये बहुतेक मुलं क्लबची असतात. पण त्यांतली बरीच बाराव्या-तेराव्या वर्षी क्लबला गेलेली असतात, दहाव्या नव्हे. मिस्टरांनी कॉलेजच्या स्कॉलरशिपचा विषय काढला असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तर २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर खेळणाऱ्या, कॉलेजला मुलांच्या सॉकरसाठी पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या ९.९, आणि त्या पंचवीस-तीस जणांत तुकडे करून वाटल्या जायच्या. आता तो नियम बदललाय, पण कॉलेजची फी सुटावी म्हणून दहाव्या वर्षापासून क्लबची फी भरणं हा हिशेब आजही जुळत नाही. तेच पैसे कॉलेजच्या खात्यात टाकलेले बरे.

‘क्लब म्हणजे चांगलं’ हे मात्र मला तुमच्याबरोबर नीट बघायचंय, कारण तिथेच बहुतेक घरं फसतात. क्लब हा एकच शब्द आहे, पण त्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन या इथल्या व्यावसायिक टीमच्या अकादमीत मुलांकडून फी घेत नाहीत, कारण तिथे ते उद्याचे खेळाडू शोधत असतात. त्याखाली एमएलएस नेक्स्ट, ईसीएनएल अशा मोठ्या लीगांमध्ये खेळणारे क्लब. त्याखाली आणखी क्लब, आणि प्रत्येक क्लबात पहिली टीम, दुसरी टीम, कधी तिसरीही. वेबसाइटवर फोटो असतो पहिल्या टीमचा. फी मात्र दुसऱ्या टीमचीही जवळपास तेवढीच असते. माझं प्रामाणिक मत असं, की कितीतरी ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या टीमच्या फीवर पहिल्या टीमचा डोलारा उभा असतो. तुमच्या मुलाला बोलावणं क्लबचं नाही, त्या क्लबच्या दुसऱ्या टीमचं आहे. तेव्हा बघायची ती टीम. तिला कोण शिकवणार? तोच माणूस पुढच्या वसंतातही असेल का? टीममध्ये मुलं किती? नऊजण खेळणार आणि रोस्टरवर सोळा असतील, तर सातजण कायम बाहेर. प्रत्येकाला निम्मा सामना खेळायला मिळेल असं लेखी देतात का? गेल्या वर्षी दुसऱ्या टीममधून पहिलीत किती मुलं गेली? पाय मोडला तर फी परत मिळते का? हे विचारायला संकोच करू नका. आपण मराठी माणसं भाजीवाल्याशी घासाघीस करू, पण तीन हजार डॉलर देताना कोचला प्रश्न विचारायला लाजतो.

आणि एक परीक्षा अशी आहे जिला काहीच विचारावं लागत नाही. त्या टीमची एक प्रॅक्टिस बघायला जा. एक मूल निवडा, घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा आणि चेंडूला त्याचा पाय किती वेळा लागतो ते मोजा. मग टाऊनच्या प्रॅक्टिसला तुमच्या मुलाचं मोजा. मी हे खूप वर्षांपूर्वी केलं होतं. एका नावाजलेल्या क्लबच्या मैदानावर मुलं रांगेत उभी होती, एकेकाची पाळी येत होती, कोचच्या अंगावरचा ट्रॅकसूट झकास होता आणि दहा मिनिटांत त्या मुलीचा चेंडूला नऊ वेळा पाय लागला. आमच्या टाऊनच्या मैदानावर चार-चार मुलींचे छोटे सामने चालले होते, तिथे मी साठनंतर मोजणं सोडून दिलं. तुमच्याकडे उलटंही निघेल. निघालं तर ते मान्य करा, कारण आठ ते बारा या वयात पायाला चेंडूची सवय लागते आणि तिथे मिस्टरांचा मुद्दा अगदी रास्त आहे. रांगेत उभं राहून कुणी सॉकर शिकत नाही, मैदान टाऊनचं असो की क्लबचं.

मिस्टरांशी मला कोल्हापूरबद्दलच बोलायचंय. मी सांगलीची, पण माझे मामा कोल्हापूरला होते आणि मी शाळेत असताना त्यांनी मला एकदा शाहू स्टेडियमवर सामना बघायला नेलं होतं. पाटाकडील तालीम एका बाजूला, समोर दिलबहार. खेळातलं मला काही कळत नव्हतं. पण मामा ज्या पोराच्या नावाने ओरडत होते, तो त्यांच्या गल्लीतला, सकाळी दूध घालायला येणारा. गोल झाला तेव्हा मामांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ज्या आखाड्यांत कुस्ती चालायची, त्या तालमींनी फुटबॉलच्या टीमा उभ्या केल्या आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहिल्या, म्हणून कोल्हापूरचा फुटबॉल एवढा टिकला. टाऊन सॉकर म्हणजे तीच पेठ. आपल्या बसमधला, आपल्या वर्गातला, आपल्या गल्लीतला मुलगा शेजारी खेळतो. बॉस्टन एरिया यूथ सॉकर या टाऊन टीमांच्या लीगमध्ये, आपल्या ‘बेज’मध्ये, गटही इयत्तेने पडतात. शनिवारी सामना जिंकला की सोमवारी तो शाळेत साजरा होतो. क्लबमध्ये सात गावांची मुलं असतात. प्रॅक्टिस संपली की सात गाड्या सात दिशांना. कोल्हापूरच्या माणसाला यातला फरक मी काय सांगणार.

आणि टाऊनच्या कोचना खेळातलं कळत नाही, तर ज्याला कळतं तो माणूस तुमच्या घरातच आहे की! प्रत्येक टाऊनला सहायक कोच हवे असतात, मागून मिळत नाहीत. पार्श्वभूमीची तपासणी, म्हणजे कोरी, होते. मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा सेफस्पोर्टचा आणि डोक्याच्या दुखापतीबद्दलचा असे छोटे ऑनलाइन कोर्स असतात, आणि यूएस सॉकरचं नऊ-नऊच्या खेळाचं ग्रासरूट्स लायसन्स करता येतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ. पस्तीस मिनिटं गाडी चालवून कुंपणाबाहेर फोन बघत बसण्यापेक्षा तोच वेळ मैदानाच्या आत गेला तर? अट एकच: स्वतःच्या मुलावर इतरांपेक्षा जास्त ओरडायचं नाही, आणि परतताना गाडीत सामन्याबद्दल तो बोलला तरच बोलायचं.

गाडीवरून आठवलं. तुम्ही पैशांचा हिशेब केलात, तासांचा नाही केलात. एका प्रॅक्टिसला जाऊन-येऊन सत्तर मिनिटं, आठवड्यात तीन, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर एकशे चाळीस तास नुसते गाडीत. मुलाच्या शाळेचा अख्खा एक महिना. त्यातला बराचसा वेळ तुमची सात वर्षांची मुलगी मागच्या सीटवर असणार. तिच्याबद्दल पत्रात ‘ती येईल सोबत’ एवढंच आहे. तिलाही काहीतरी शिकायचं असेल, किंवा काहीच न शिकता अंगणात बसायचं असेल. एका मुलाच्या खेळाला घरातल्या सगळ्या संध्याकाळी गेल्या, तर दुसऱ्या मुलाच्या हे लक्षात राहतं. माझ्या मुलाने मोठेपणी मला हे तोंडावर सांगितलं. वाईट वाटलं, पण खरं होतं.

मराठी शाळेचं मी ओझं करत नाही. काही रविवार बुडाले तर घरी बोलून, वाचून भरून निघतात. पण वर्षभर सगळेच रविवार गेले तर तिथले मित्र जातात, आणि ते इतर कुठे भेटत नाहीत. स्पर्धा लाँग वीकेंडला असतात. ऑक्टोबरातल्या कोलंबस डेची बऱ्याचदा नवरात्र-दसऱ्याच्या आसपास येते. हॉटेलच्या खोलीत दसरा करायची तयारी आहे का, ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

दोन्ही एकदम करू, असा एक पर्याय तुमच्या मैत्रिणीने सुचवलाय. शनिवारी टाऊन, रविवारी क्लब. या वयात मला तो पटत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्येच सांगितलंय की एकाच खेळात स्वतःला झोकून देणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकला, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी ठेवा आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून लांब राहा. हाडं वाढत असतात, टाचा आणि गुडघे आधी कुरकुरतात. तुमचा मुलगा हिवाळ्यात बास्केटबॉल खेळतो असं तुम्ही लिहिलंय. तो बंद करू नका.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? या वर्षी टाऊनमध्येच ठेवलं असतं. पण आधी त्याला पुन्हा विचारलं असतं, वेगळ्या पद्धतीने. समोर बसवून नाही. गाडीत विचारा, तो मागे आणि तुमची नजर रस्त्यावर, म्हणजे त्याला तुमचा चेहरा वाचता येत नाही. ‘क्लबला जायचंय का’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर चालेल. विचारा, ‘पुढच्या वर्षी टाऊनकडून खेळला नाहीस तर कुणाची आठवण येईल?’ विचारा, ‘मंगळवारी संध्याकाळी प्रॅक्टिस नसली तर काय करशील?’ चेंडू घेऊन बाहेर जाईन म्हणाला तर एक कळलं, लेगो म्हणाला तर दुसरं कळलं, आणि दोन्हीत वाईट काही नाही. तीन मित्र चाललेत म्हणून त्याला जायचं असेल, तर तेही खरं कारण आहे, त्याला हलकं लेखू नका. फक्त ते तिघे कुठल्या टीममध्ये आहेत ते आधी बघा. पहिल्या टीममध्ये असतील तर तिथेही हा त्यांच्यासोबत नसेल.

राहिलात, तर वर्ष नुसतं जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात एखादा आठवडा स्किल्सचा कॅम्प, रोज अंगणात वीस मिनिटं बाबांबरोबर, आणि टाऊनच्या वरच्या डिव्हिजनच्या टीमसाठी मूल्यमापनाला पाठवा. २०२६ च्या जून-जुलैत विश्वचषकाचे सामने बॉस्टनजवळ फॉक्सबरोलाच आहेत. तिकिटं परवडणार नाहीत, पण टीव्हीसमोर बापलेक एकत्र बसले तर त्यातही पुष्कळ शिकायला मिळतं.

आणि गाडीत तो म्हणाला, आई, मला खरंच जायचंय, तर पाठवा. पैशाने अडत असेल तर क्लबकडे आर्थिक मदतीचा अर्ज मागा, बहुतेकांकडे असतो. त्या तीन मित्रांच्या घरांशी कारपूल जमवा, म्हणजे आठवड्यातली एकच फेरी तुमच्या वाट्याला येईल. एकच वर्ष म्हणून ठरवा, आणि नोव्हेंबरात तो पावसाची चौकशी करतो का तिकडे कान ठेवा.

हेच तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही सांगेन, पण थोडा फरक करून. मूल बारा-तेराचं असेल, स्वतःहून मागत असेल, टाऊनमध्ये प्रत्येक सामन्यात तीन-चार गोल मारून कंटाळलं असेल किंवा टाऊनची टीमच मोडली असेल, तर क्लब बघायलाच हवा आणि त्यासाठी घराने थोडी ओढाताण केली तर मला ती योग्य वाटते. मुलींच्या बाबतीत एक जास्तीचं. बाराव्या-तेराव्या वर्षी कितीतरी मुली खेळ सोडतात, आणि टिकतात त्या बहुतेक मैत्रिणींमुळे टिकतात. मैत्रिणी ज्या टीममध्ये असतील ती टीम चांगली. आणि मूल सहा-सात वर्षांचं असेल, आणि कुणी ‘प्री-अकादमी’ म्हणून हजार डॉलर मागत असेल, तर ते पैसे ठेवा आणि त्याला रेकमध्ये मनसोक्त धावू द्या.

क्लबला उत्तर परवापर्यंत द्यायचंय ना? नाही म्हणायचं ठरलं तर मेल छोटी ठेवा. जागा देऊ केल्याबद्दल आभार, या वर्षी तो शाळेच्या मित्रांबरोबर टाऊनकडून खेळणार आहे, पुढच्या मे महिन्यात ट्रायआउटला यायला आवडेल, तोवर त्याने कशावर काम करावं ते कृपया सांगा. फीचं कारण देऊ नका, अंतराचंही नको. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो कोच देतो, त्याचं नाव लिहून ठेवा.

पाठवायच्या आधी ती मेल मुलाला वाचून दाखवा. ऐकून त्याचा चेहरा पडला, तर पाठवू नका. मला लिहा, आपण पुन्हा बसू.